आज घरधनी कोण?

टोकावडं मागे टाकून रस्ता माळशेजकडे चढायला लागतो, त्याच्या थोडं अलीकडे एक वळण आहे. तिथे मी जीप थांबवायला सांगितली. आम्ही दोघी, मी आणि आई, एका नातलगाच्या बारशाहून परतत होतो. जीपवाला वैतागला. "हितं कुठं उतरता, मॅडम? हितं काय पन नाय." आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, "आहे. घटकाभर बसू, मग मागच्या एसटीने जाऊ."

रस्त्यापासून घर दिसत नाही. करवंदीच्या जाळ्यांमधून पायवाट खाली उतरते, मग मोहाची दोन झाडं लागतात आणि त्यांच्या मागे ते एकदम समोर येतं. कौलं जाऊन पत्रे आलेत. भिंतीला कुणीतरी निळा रंग दिलाय. दाराला कुलूप होतं. मी कॉलेजची सगळी वर्षं या घरात राहिले, पण या दाराला कुलूप पहिल्यांदाच पाहत होते. घर आता कुणाकडे आहे ते मी विचारलं नाही. ओटा मात्र तसाच होता, उंच, गार, कडेला थोडा झिजलेला. आई घराभोवती फिरून बघू लागली, तिला नवीन घर बघायला फार आवडतं. मी ओट्यावर बसले. हाताखाली ती गार भुई आली, आणि राख, ओलं सारवण आणि कोंबड्यांचा तो मिसळलेला वास, जो आता तिथे असणं शक्यच नव्हतं, तो आलाच.

त्या घराला नाव नव्हतं. नव्वदच्या दशकात तिथे राहायला आलेली माणसं एकमेकांची कुणीच नव्हती. सुधाताई ठाण्याला शाळेत शिकवायची, ते सोडून आली होती. वसंतकाका भातसानगरला धरणावर वायरमन होते, निवृत्त होऊन आले. यमुनामावशी इथलीच, टोकावड्याकडची, भातशेती करणारी एकटी बाई. दिनूदादा वाशिंदच्या कारखान्यात होता, आठवडाभर तिकडे राहून सुट्टीला घरी यायचा. रक्ताचं नातं नसलं तरी माणसं एका चुलीवर जेवू शकतात, कुणी कुणाचा मालक न होता, हे सुधाताईचं म्हणणं. बाकीच्यांना ते पटलं म्हणून ते आले, की आले म्हणून पटलं, मला माहीत नाही. मी सगळ्यात शेवटी आले. आमची वाडी डोंगरात वर, कॉलेज मुरबाडला, आणि यमुनामावशीची माझ्या आईशी बाजारातली ओळख. एवढ्यावर माझी पथारी त्या घरात पडली.

गावातले लोक त्याला बिनधन्याचं घर म्हणत. त्याचं असं झालं, की सुरुवातीच्या काळात कुणी एक पाहुणा आला आणि त्याने विचारलं, "घरधनी कोण?" सुधाताईने वसंतकाकांकडे बघितलं, वसंतकाकांनी यमुनामावशीकडे, यमुनामावशीने दिनूदादाकडे. दिनूदादा म्हणाला, "असं काही नसतं आमच्यात." पाहुणा पाणीसुद्धा न घेता गेला. धनी नाही त्या घरात पाणी कुणाच्या हातचं घ्यायचं? यमुनामावशीला ते फार लागलं. "तुमच्या इचारापायी मानूस तहानेला गेला दारातून," ती म्हणाली. त्यावर त्यांची दोन दिवस बैठक झाली आणि त्यातून या घराची ती रीत निघाली. घराला धनी असेल, पण रोज नवा. पाळीपाळीने. ज्याचा दिवस, तो त्या दिवसाचा घरधनी. बाई असली तरी शब्द तोच.

घरधन्याने सगळ्यांच्या आधी उठायचं, चूल पेटवायची. सगळ्यांना वाढायचं आणि स्वतः शेवटी जेवायचं. दिवसभर घर सोडायचं नाही. कुणी बाहेर निघालं तर त्याला विचारून निघणार. कुणी आलं तर त्याच्याशी तो बोलणार. भांडण झालं तर तो मिटवणार. आणि त्या दिवशी तो जे सांगेल ते सगळे ऐकणार. दुसऱ्या दिवशीचा धनी ते फिरवू शकतो, पण त्या दिवशी नाही.

ऐकायला हे छान वाटतं. राहायला तसं सोपं नव्हतं. मी आले त्या पहिल्या वर्षी तर चूलच घरभर फिरत होती. वसंतकाकांच्या दिवशी ती मागच्या पडवीत गेली, कारण धुराने त्यांना खोकला यायचा. यमुनामावशीच्या दिवशी ती परत मधल्या घरात आली, कारण पडवीत वारा लागून लाकूड भसाभसा जळायचं. सुधाताईच्या दिवशी खिडकीपाशी गेली. पंधरवडाभर आम्ही दगड उचलून इकडून तिकडे ठेवत होतो, जागोजाग भिंती काळ्या झाल्या होत्या, आणि कुणीही कुणाला चूक म्हणायला तयार नव्हतं, कारण प्रत्येकाचा आपापल्या दिवशी अधिकार होता. शेवटी सुट्टीला आलेल्या दिनूदादाने, त्याच्या पाळीला, हुकूम काढला की चूल ज्याला हलवायची असेल त्याने ती पेटती हलवावी. त्यानंतर ती कधी हलली नाही.

अबोले चालायचे. सुधाताई आणि यमुनामावशी एकदा अख्खा आठवडा एकमेकींशी बोलत नव्हत्या, फक्त ज्या दिवशी एकीची पाळी असे त्या दिवशी दुसरी यायची आणि म्हणायची, "घरधनी, दळण आणायला जाऊ का?" तेवढंच. त्या घरात रडायला जागा नव्हती, न्हाणीघर सोडून. पावसाळ्यात दोरीवर सगळ्यांचे कपडे एकत्र ओले असायचे आणि धुराचा वास सगळ्यांच्या अंगाला सारखा लागायचा. कॉलेजात मुली मला म्हणायच्या, "तुझ्या वेणीला चुलीचा वास येतो." मी त्यांना सांगत नसे, की तोच वास ठाण्याच्या एका शिक्षिकेच्या पातळालाही येतो.

आणि तरी. सुधाताई मासे खात नव्हती, जन्मात खाल्ले नव्हते. पण तिचा दिवस असला आणि घरात सुकट असली, की ती नाकाला पदर बांधून तव्यावर सुकट भाजायची, कांदा घालून, लिंबू पिळून, आणि विचारायची, "जमलीये का गं?" यमुनामावशी चाखून म्हणायची, "मीठ कमी हाय, पन बामनीन भाजते म्हनल्यावर गोडच लागंल." सुधाताई पदराआडून हसायची, डोळ्यांत पाणी असायचं. वसंतकाका आपल्या दिवशी कोणालाही उठवायला हाक मारत नसत, नुसता रेडिओ हळू लावत, मराठी बातम्यांच्या आवाजाने घर जागं व्हायचं. यमुनामावशीच्या दिवशी पेजेला जो वास यायचा तो इतर कोणाच्या दिवशी आला नाही. काय घालायची कोण जाणे. मला वाटतं काही घालत नसे, नुसती जवळ बसून राहायची.

या रीतीत आणखी एक रीत होती. जो पाहुणा रात्री या छपराखाली झोपला, तो दुसऱ्या दिवशीचा धनी. एकदा एसटी बंद पडली आणि ड्रायव्हर मुक्कामाला राहिला. सकाळी वसंतकाकांनी त्याला हलवून उठवलं, "साहेब, चूल पेटवा." बिचाऱ्याला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग त्याने चूल पेटवली, आम्हाला सगळ्यांना दुप्पट साखरेचा चहा पाजला आणि हुकूम केला की आज कोणी बिडी ओढायची नाही. वसंतकाका दिवसभर काडी चघळत बसले. पुढे कितीतरी महिने तो ड्रायव्हर त्या वळणावरून जाताना हॉर्न वाजवायचा.

मला या सगळ्यात एकच भीती होती. बा कधीतरी येईल आणि मला घेऊन जाईल. आमच्या वाडीतली एकही मुलगी, खरं म्हणजे एकही मुलगा, बी.ए.पर्यंत पोचला नव्हता. मी त्या शेवटच्या वर्षाला होते. वाडीत माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर मुलं होती. गावाकडे गेले की बाया आईला विचारत, "पोरीला आजून किती शिकवनार गो?" आई काही बोलत नसे. बा तर मुळात कमीच बोलणारा. त्यामुळे त्याच्या मनात काय आहे, हे मला कधीच कळत नव्हतं. परीक्षेपर्यंत तो येऊ नये, एवढंच मी रोज मनात म्हणत होते.

तो फाल्गुनात आला. मोहाची फुलं पडत होती, सकाळी उठल्यावर अंगणभर तो गोड, थोडा आंबूस वास असे. कॉलेजला सुट्टी होती म्हणून पाळी माझी होती. मी ओटा सारवत होते. बा पायवाटेने खाली आला, खांद्यावर फडक्यात बांधलेली वरई, आणि ओट्याच्या खाली उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, पण बोलला नाही. आमच्यात परक्या घरात गेल्यावर आधी पोरीशी बोलत नाहीत, घरधन्याशी बोलतात. त्याने बोलावल्याशिवाय ओट्यावर पाय ठेवत नाहीत, आणि त्याचा शब्द घेतल्याशिवाय त्या घरातलं माणूस नेत नाहीत. बा या बाबतीत फार काटेकोर होता.

"घरधनी कोन हाय?" तो मोठ्याने बोलला.

वसंतकाका हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आले. "या, या. घरधनी होय? आज..." आणि माझ्याकडे बघून गप्प झाले.

यमुनामावशीने मागून उत्तर दिलं. "ही काय. तुमच्या म्होरं उभी हाय."

"थट्टा करता काय गो बाय?"

"थट्टा कसली? आजची धनी हीच. हिला इचारल्याबिगर मी आज मीठ पन घेतला नाय."

बाने माझ्याकडे नीट बघितलं. माझे हात शेणाने भरलेले. मी आत पळाले हात धुवायला. सुधाताई माझ्या मागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, आजची पाळी मी घेते. तू एक शब्द बोलू नकोस. मी त्यांना सांगते, मी नाही पाठवणार तुला."

ती पाठवणार नव्हती, हे खरं होतं. सुधाताई शिक्षणाच्या बाबतीत कोणाला घाबरत नसे. आणि मी हो म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. पण मला दिसत होतं पुढे काय होईल ते. परक्या बाईने, परक्या घरात, त्याच्या पोरीबद्दल त्याला नाही म्हटलं असतं. बा भांडला नसता. उठला असता, फडकं उचललं असतं आणि पुन्हा कधी आला नसता. आणि मीही मग वाडीला कुठल्या तोंडाने जाणार होते? आणि तो जिंकला असता, तर हे घर गेलं, कॉलेज गेलं. दोन्हींतून एक घर मला बंदच होणार होतं.

"नको ताई," मी म्हटलं. "माझीच पाळी आहे."

मी लोटा भरून बाहेर आले. "या. बसा," मी म्हटलं. बाला जन्मात मी अहो-जाहो केलं नव्हतं, आमच्यात बापाला तूच म्हणतात. तो ओट्यावर आला, बसला, वरून धार धरून पाणी प्यायला. मग त्याने टोपी सारखी केली आणि माझ्याशी बोलू लागला, आणि त्याच्या तोंडावर हसण्याची रेषही नव्हती.

"घरधनी, तुमच्या घरात माजी पोर हाय."

"हाय."

"तुमी तिला ठेवलीत, खाऊ घातलात, त्याचा उपकार हाय. आता मी तिला न्याया आलोय. जागा बगितलीय. पावने बेस्तरवारी येनार हाईत."

"तिची परीक्षा हाय," मी म्हटलं. "शेवटची. ती झाली का मंग..."

"घरधनी," बा मध्येच बोलला, "तुमी पोरीची बाजू घेऊ नका. धन्यानं दोनी बाजू बगायच्या आसतात."

आत वसंतकाका एकदम खोकले. त्यांना बोलायचं होतं, आणि रीत त्यांनीच बनवलेली होती म्हणून बोलता येत नव्हतं. यमुनामावशी दाराला टेकून उभी होती. कोणी मला मदत करू शकत नव्हतं. मला बाचं म्हणणं बरोबर वाटलं. धन्याने दोन्ही बाजू बघायच्या असतात. मग मी दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि जे सुचलं ते बोलून गेले.

"आज मुक्काम करा. उद्या या घराचे धनी तुमी. तुमी सांगाल तसा व्हईल."

"अगं ए!" वसंतकाका आतून ओरडलेच. "काय बोलतेस तू?"

बाने डोळे बारीक केले. "माजा शबूद चालंल?"

"चालंल."

"समद्यांवर?"

"समद्यांवर. वसंतकाकांवर पन."

बाने आत बघितलं. "म्हंजे आदी यांचा खोकला बंद करावा लागंल," तो बोलला. यमुनामावशी फिस्सकन हसली, आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्या ओट्यावर कोणीतरी श्वास घेतला.

सकाळी मला जाग आली ती चुलीच्या आवाजाने. बाला आग कशी पेटवायची हे कोणी शिकवायला नको होतं, आयुष्य जंगलात गेलेलं. पण ताटात वाढायची गोष्ट वेगळी. आमच्या घरी बा बसायचा आणि आई वाढायची, मग आम्ही पोरं, मग आई. बाने पेजेचं पातेलं पुढ्यात घेतलं आणि प्रत्येकाकडे बघत बसला, आधी कोणाला वाढायचं ते न कळून. मग सुधाताईला वाढलं, मग यमुनामावशीला. पेज ताटाच्या कडेवरून सांडली. "आजून घ्या," तो म्हणाला. "घ्या की. लाजू नका." त्याला वाटलं असावं, धनी म्हणून आग्रह केलाच पाहिजे. वसंतकाकांनी तीनदा घेतली. बाने पातेलं स्वतःकडे ओढलं तेव्हा तळाशी करपलेलं तेवढं राहिलं होतं. तो त्या पातेल्यात जरा वेळ नुसता बघत राहिला. मग खरवडून खाल्लं.

भांडण लगेच आलं. यमुनामावशीच्या कोंबड्या वसंतकाकांच्या बाकावर बसायच्या, जिथे त्यांच्या तारा आणि जुने फ्यूज पसरलेले असत. हे भांडण वर्षभर जुनं होतं. वसंतकाका म्हणाले, "धनी, या कोंबड्यांना आज आत येऊ देऊ नका." यमुनामावशी म्हणाली, "धनी, तो बाक आदीपासून कोंबड्यांचा हाय, तारा मागून आल्या." बाने कोंबड्यांकडे बघितलं, मग वसंतकाकांकडे.

"कोंबडीला सांगून कळनार नाय," तो बोलला. "तुमाला सांगितला तर कळंल. बाक हलवा."

वसंतकाकांनी बाक हलवला. रीत म्हणजे रीत.

मला मुरबाडला जायचं होतं. परीक्षेआधीचा तो शेवटचा आठवडा, सर महत्त्वाचं काही सांगणार होते. मी दप्तर घेऊन बाच्या समोर उभी राहिले. त्याने नाही म्हटलं तर मला बसावं लागणार होतं, आणि मी बसले असते. त्याला शब्द दिलेला होता. मोहाखाली पाखरं कलकलाट करत होती. घरातले सगळे आपापल्या कामात होते आणि कोणीही काम करत नव्हतं.

"घरधनी, मुरबाडला जाऊ का?"

बाने वर पायवाटेकडे बघितलं. "लांब हाय काय ता?"

"एसटीनं तासभर."

"रोज जातेस?"

"रोज."

"पावसात पन?"

"पावसात पन."

त्याने माझ्या पायांकडे बघितलं, चपलांकडे. मग उठला, आत गेला आणि भाकर आणि मिरची फडक्यात बांधून घेऊन आला. त्याने बांधलेली गाठ एवढी घट्ट होती की कॉलेजात ती मला दातांनी सोडावी लागली. "दिस मावळायच्या आत ये," एवढंच बोलला.

मी आले तेव्हा तो ओट्यावर होता. दिवसभरात त्याने कौलातल्या दोन गळक्या जागा बुजवल्या होत्या, सुधाताईकडून घरातली सगळी पुस्तकं कशाची आहेत ते विचारून घेतलं होतं, आणि एकाही माणसाला ओट्याखाली ताटकळत ठेवलं नव्हतं, आलेल्या प्रत्येकाला पाणी दिलं होतं. यमुनामावशी सांगत होती, "तुजा बा लय चांगला धनी हाय गो. ठेवून घेऊ काय?" दिवेलागणीला, रीतीप्रमाणे, घरधन्याने दिवसाचं शेवटचं बोलायचं असे. आम्ही सगळे बसलो. बाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोर परीक्षा व्हईस्तो हितं राहील," तो बोलला. "माजा शबूद."

मग बानेच विचारलं, त्याला रीत आता पूर्ण समजली होती, "उद्याचा धनी कोन? माजा शबूद फिरवंल काय तो?"

"उद्या मी," सुधाताई म्हणाली. "फिरवू शकते. पण फिरवणार नाही."

"आणि माझा दिवस आला की बाक परत जागेवर येईल," वसंतकाका म्हणाले. "ते सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीने गेला. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, वाडीवर पाहुणे आले आणि गेले. त्यांना काय सांगितलंस, हे मी नंतर एकदा विचारलं. "सांगितला जा सांगायचा ता," बा बोलला आणि विषय तिथे संपला. मी पास झाले. मग शहापूरला शिक्षिका झाले. आमच्या वाडीतून नंतर आणखी पोरं-पोरी कॉलेजात गेली, ती मोजायची वेळ आता राहिली नाही.

घर नंतर फार वर्षं राहिलं नाही. वसंतकाका गेले. दिनूदादाने वाशिंदला नव्या इमारतीत खोली घेतली. सुधाताईचे गुडघे गेले, तिची भाची येऊन तिला घेऊन गेली. यमुनामावशी एकटी राहिली काही दिवस, रोज स्वतःच धनी, आणि एकदा मला म्हणाली, "हुकूम कोनाला करू गो? कोंबड्यांना?" मग तीही भावाकडे राहायला गेली. त्यांनी काही मोठं केलं नाही, असं म्हणता येईल. त्यांच्यावर कुठे काही छापून आलं नाही. पण एका घरात नात्याचं कोणी नसताना, भांडत, रुसत, चूल उचलून फिरवत, त्यांनी रोज सकाळी एका माणसाला मान दिला आणि रोज संध्याकाळी तो काढून घेतला. मी आज ज्या शाळेत शिकवते तिथे, घरात, कुठेही, कोणी माझ्याशी अधिकाराने बोललं की मला आधी वाटतं, हा दिवस याचा आहे, उद्या दुसऱ्याचा असेल. मग मला राग येत नाही. हे मला त्या घराने दिलं. पदवीसुद्धा त्यानेच दिली.

गेल्या पावसाळ्यात बा गेला. तेव्हापासून आई माझ्याकडे शहापूरला असते. या घराबद्दल ती माझ्याकडून बरंच ऐकत आली होती, पण घर तिने कधी पाहिलं नव्हतं, रोज नव्या धन्याची रीत तिला माहीत नव्हती, आणि बाच्या त्या दोन दिवसांबद्दल मी तिला कधी सांगितलं नव्हतं. बा सांगेल असं मला वाटायचं, आणि बाला वाटत असेल मी सांगेन.

आई घराला चक्कर मारून आली आणि ओट्याच्या खाली उभी राहिली. बाप्रमाणेच, वर न येता.

"हा म्हातारा कुठं हाय आता?" तिने विचारलं.

"कोण म्हातारा? वसंतकाका?"

"नाव नाय म्हाईत. हितला घरधनी. तुज्या बानं पावन्यांना सांगितला ना तवा, मी कुडाआड व्हती. बोलला, पोर आनाया गेलो व्हतो, पन तितला घरधनी सोडीत नाय. परीक्षा झाल्याबिगर नाय सोडनार, असा शबूद दिलाय बोलला त्यानं. पावने बोलले, कसला मानूस हाय? तर तुजा बा बोलला, म्हातारा हाय. डोंगरातला हाय. लय हट्टी हाय, त्याच्याम्होरं माजा काय पन चालत नाय." आईने ओट्यावर हात टेकला. "आदी लय शिव्या घातल्या मी त्याला. मंग तू पास झालीस तवा त्याच्या नावाचा एक दिवा पन लावला. जित्ता हाय काय तो? बगायचा व्हता मला एकदा."

मी ओट्याच्या झिजलेल्या कडेवरून हात फिरवला.

"नाय गो आये," मी म्हटलं. "गेल्या पावसाळ्यात गेला तो."

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, आणि हसता हसता ओट्यावर चढून माझ्या शेजारी येऊन बसली.